मागची भिंत

पडद्यावर सूतगिरणीच्या पहिल्या संचालक मंडळाचा फोटो आला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. काळापांढरा फोटो, खुर्च्यांवर बसलेली माणसं, मागे उभी असलेली माणसं, फेटे, टोप्या, हातातल्या काठ्या. मग फोटो हलायला लागला. पुढची माणसं हळूच जवळ आली, मागची झाडं मागेच राहिली, आणि आपण त्या मंडळींच्या मधून चालत निघालोय असं वाटायला लागलं. माझ्या शेजारी बसलेल्या इंगवले साहेबांनी समाधानाने मिशीवरून बोट फिरवलं. कॅमेरा डावीकडे सरकत सरकत थांबला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यांदा विचारलं, "तो हात कुणाचा रं?"

पडद्याच्या अगदी डाव्या कडेला गिरणीच्या आताच्या अध्यक्षांचे वडील उभे होते. त्यांच्या खांद्यावर एक हात होता. मनगटापासून बोटांपर्यंतचा. त्याच्या मागे माणूस नव्हता.

आधी एकजण हसला, मग ती रांग हसली, मग पुढच्या रांगाही माना वाकड्या करून शोधायला लागल्या. अध्यक्ष वळून आमच्याकडे बघत होते. हाताचा मालक कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मंडळातून फुटून गेलेल्या एका संचालकाला फोटोतून काढून टाका, असं त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं होतं. आम्ही माणूस काढला होता. हात तेवढा राहिला.

"स्टुडिओत बोलू," इंगवले साहेब दातांतल्या दातांत म्हणाले.

ते काम भूपालदादांनी केलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते, आणि लोक कशाला हसताहेत हे त्यांना काही केल्या कळत नव्हतं.

कोल्हापुरात एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचा स्टुडिओ होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावरचे चहाचे ग्लास थरथरायचे. मालक इंगवले साहेब, कारागीर भूपाल मगदूम, आणि चित्रकलेचा डिप्लोमा करून नुकतीच लागलेली मी. संस्थांचे महोत्सव, नेत्यांचे वाढदिवस, लग्नाच्या व्हिडिओंची शीर्षकं, गेलेल्या माणसांच्या आठवणी, असली कामं आमच्याकडे यायची. लोक जुने फोटो आणून द्यायचे आणि म्हणायचे, "जरा हलतं करा की."

हलतं करायची युक्ती मला दादांनी शिकवली. फोटोतली माणसं कॉम्प्युटरवर कडेकडेने कापून सुटी करायची. एकेकाला वेगवेगळ्या अंतरावर उभं करायचं, आणि मग त्यांच्यामधून कॅमेरा चालवायचा. कॅमेरा म्हणजे खरा नव्हे, कॉम्प्युटरमधला. त्याला वजन नाही की काच नाही. पण दादा त्याच्याशी जिवंत जनावराशी वागावं तसे वागायचे. "एकदम हिसडा द्यायचा नाही त्याला. आणि थांबवताना एकदम उभा करायचा नाही. म्हातारं माणूस खुर्चीत बसतंय बघ, तसा टेकवायचा."

"आणि माणूस कापला की मागं जे भोक पडतं त्याचं काय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"शाबास. हे विचारलंस म्हणजे तू टिकणार," ते म्हणाले. "कापणं कुणालाबी जमतंय रेवे. खरं काम म्हणजे मागची भिंत भरणं. आजूबाजूची भिंत बघायची आणि तशीच मधे रंगवायची. बघणाऱ्याला शंका येता कामा नये, की हितं कधी कोण उभं होतं."

त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक चौकट होती, मधोमध पडद्याच्या आकाराची खिडकी कापलेली. कुठलाही शॉट करायच्या आधी ते ती चौकट डोळ्याला लावून खोलीभर चालायचे. वाकायचे, वळायचे, भिंतीला चिकटायचे. खालच्या गिरणीतल्या बायका दळण ठेवून जिन्यातून बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. दादांना त्याचं काही नसायचं.

त्या वर्षी मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं. कधी शॉटच्या कोपऱ्यात मागचा फोटो संपून काळा त्रिकोण दिसायचा, कधी कापलेल्या माणसाचा कान तिथेच लोंबकळत राहायचा. मी गुपचूप दुरुस्त करायचे. रोज त्याच जागी असलेल्या स्टुलाला ते रोज धडकायचे आणि रोज त्याला शिव्या घालायचे. मी डावीकडून चहा पुढे केला तर घ्यायचेच नाहीत. मी ताटकळत उभी, आणि हे आपले पडद्याकडे बघत. स्कूटर विकून टाकली, चालल्याने तब्येत बरी राहते म्हणाले. चौकट डोळ्याजवळ धरायची सोडून हात लांब ताणून धरायला लागले, तेव्हा मी म्हणाले, "दादा, चाळिशीचा चष्मा घ्या आता."

"घेतो की," ते म्हणाले. चष्मा काही आला नाही.

सूतगिरणीच्या कार्यक्रमानंतर इंगवले साहेबांनी स्टुडिओत आल्या आल्या दार लावून घेतलं.

"भूपाल, खरं सांग. घ्यायला लागलाईस का?"

"काय घ्यायला?"

"बाटली."

मला राहवलं नाही. "साहेब, चातुर्मासात बटाटासुद्धा खात नाहीत ते. बाटली कुठली काढलीत?"

"तू गप गं. तूच पांघरूण घालतीस याच्यावर, मला सगळं कळतंय," साहेब म्हणाले. मग आवाज उतरवून दादांकडे वळले. "वीस वर्षं झाली आपल्याला. मी तुला काही बोललोय कधी? पण आज चारशे लोक हसले. अध्यक्ष पुढचं काम पुण्याला देणार म्हणालेत. आता अजून एक चूक झाली ना, तर कॅमेरा या पोरीकडे. तू आपला फायली कॉपी करत बस. मनाला लावून घेऊ नकोस."

दादांनी मान हलवली. मनाला लागलंच होतं. कॅमेरा काढून घेतला तर त्या माणसाकडे दुसरं काही उरत नव्हतं. मुलंबाळं नाहीत, आईवडील गेलेले. घरी वहिनी, आणि इथे हा न दिसणारा कॅमेरा. संध्याकाळी जिना उतरताना ते कठडा धरून एकेक पायरी चाचपत उतरले. मला वाटलं, अपमानाने पाय जड झाले असतील.

पंधरवड्याने एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या. काचबिंदूवर एक छोटी फिल्म करायची होती, गावोगावच्या शिबिरांत दाखवायला. त्यांनी सोप्या शब्दांत समजावलं. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि बाजूचं दिसणं हळूहळू जातं. गेलेलं परत येत नाही. वेळेवर थेंब सुरू केले तर उरलेलं वाचतं.

"लोक येतच नाहीत हो वेळेवर," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला कसं दिसतं हे एकदा त्यांना दाखवायचंय मला."

साहेबांचा चेहरा खुलला. "भूपाल, हे तुझ्याचसाठी आलंय बघ. हे झकास करून दाखव, तुझी खुर्ची तुझी. मागचं सगळं विसरलो मी."

दादा खिडकीपाशी उभे होते. "हे रेवतीला करू द्या," ते म्हणाले.

"अरे, तुला संधी देतोय मी!"

"कळलं साहेब. मला हे नको."

बाई गेल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. मला इतका राग आला होता की खालच्या गिरणीच्या आवाजावर मी ओरडूनच बोलले. "तुमचं डोकं फिरलंय का दादा? एक काम करायचंय. मी मागे बसते, कडा मी तपासते, कुणाला कळणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

"नको."

"मग मी बसणार तुमच्या खुर्चीत? मला आवडेल असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आधी हात थोडा हुकला, खांद्याला लागला, मग डोक्यावर आला. "तू चांगलं करशील," म्हणाले, आणि दळणाच्या डब्यांना अडखळत निघून गेले.

मी काम केलं, आणि ईर्षेने केलं. शाळेजवळच्या रस्त्यावर आम्ही एक साधं दृश्य चित्रित केलं होतं. माणूस चालतोय, आणि त्याच्या नजरेने दिसणारा रस्ता: डावीकडे शाळेची दगडी भिंत, उजवीकडे सायकलचं दुकान, आणि डाव्या बाजूने सायकलवरून येणारी निळ्या फ्रॉकमधली एक लहान मुलगी. त्या दृश्यावर मी चारी कडांनी काळोख आणला. मऊ, धुरासारखा, हळूहळू आत सरकणारा. शेवटी मधे एक वाटोळं भोक उरायचं, आणि त्या भोकात मुलगी अचानक यायची.

डॉक्टरबाई बघायला आल्या, साहेब बसले, दादा मागे भिंतीला टेकून उभे राहिले. मी दृश्य चालवलं. काळोख आला, भोक उरलं, मुलगी आली.

"सुंदर," बाई म्हणाल्या. "एकदम परिणाम होतो."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस भूपाल? पोरगी तुझ्यावर गेली."

"चुकलंय," दादा म्हणाले.

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. आधीही त्यांनी माझ्या कामाला नावं ठेवली होती, पण चारचौघांत कधीच नाही.

"काय चुकलंय?" साहेबांनी विचारलं.

"तिथं काळं नसतंय."

"आता तू बाईंना डोळे शिकवणार?"

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते खरं बोलताहेत. काळं दिसतं असं पेशंट सांगत नाहीत. मला माहीत आहे. पण दाखवायचं कसं, म्हणून सगळेच असं दाखवतात." मग त्या खुर्चीतून वळल्या आणि दादांकडे नीट बघायला लागल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

दादा पुढे आले, आणि येताना स्टुलाला धडकले. या वेळी त्यांनी स्टुलाला शिव्या घातल्या नाहीत. ते मला म्हणाले, "रेवे, त्या मुलीला काप. सायकलसकट. आणि मागची भिंत भर."

"म्हणजे?"

"काळं करायचं नाही. भिंतच भरायची. दगडाला दगड लाव. बघणाऱ्याला शंका येता कामा नये, की हितं कोण होतं. डोळा तसंच करतोय. जे दिसत नाही तिथं तो आजूबाजूचं बघून भिंत भरतो. इतकी झकास भरतो म्हणून सांगू, मला इतकी वर्षं जमली नाही तशी."

साहेब हळूहळू उभे राहिले. "भूपाल, तू काय बोलतोयस?"

"डावीकडचं बरंचसं गेलंय साहेब. उजवीकडचं पण चाललंय. थेंब घालतोय, पण उशीर झाला म्हणाले."

"मग तो हात..."

"तो हात मला अजून दिसलेला नाही. तुम्ही सगळे म्हणता म्हणजे असणार. मला तिथं नुसता खांदा दिसला, आणि मागं झाडं."

बाटलीची आठवण साहेबांना त्याच क्षणी झाली असणार, कारण त्यांनी दादांचा हात धरला आणि सोडलाच नाही. "मला का सांगितलं नाहीस? अरे, मी काय परका होतो?"

"सांगितलं असतं तर कॅमेरा दिला असता?"

साहेबांनी मान खाली घातली.

"म्हणूनच हे काम नको म्हटलं मी," दादा म्हणाले. "मी केलं असतं तर खरंच करावं लागलं असतं. आणि खरं केलं असतं की तुम्ही विचारलं असतं, तुला कसं माहीत."

"मग आत्ता तरी कशाला बोललात?" हे मी विचारलं. मी रडत होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. "बाईंना आवडलं होतं. गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? झालं असतं ना सगळं!"

ते माझ्याकडे वळले. आधी मान वळली, मग डोळ्यांनी मला शोधलं.

"दोन वर्षं मी धडकत होतो, पडत होतो. एकदा स्कूटरवरून एका पोराला धडक देणार होतो. वाचलं पोरगं. आणि मी मनात म्हणायचो, डोळ्यांना काय झालेलं नाही, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय. काळं कुठं आहे? काळं असतं तर पळत गेलो असतो दवाखान्यात. आता शिबिरात माझ्यासारखाच एखादा तुझी ही फिल्म बघेल. म्हणेल, मला असं काळं दिसत नाही, म्हणजे मी बरा आहे. आणि घरी जाऊन झोपेल." त्यांनी हात लांब करून पडद्याच्या कडेला बोट लावलं. "हे सुंदर झालंय. पण हे दाखवू नकोस."

डॉक्टरबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. साहेब खिडकीपाशी गेले आणि खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मग मी त्यांच्या खुर्चीत बसले, कारण काम तिथेच होत होतं, आणि ते माझ्या उजव्या हाताला स्टूल ओढून बसले. उजवीकडून त्यांना अजून दिसत होतं. सायकलवरची मुलगी अगदी मधे येईपर्यंत मी कडेकडेने कापून काढली. तिच्या मागे शाळेची भिंत भरली, दगडाशेजारी दगड, आणि खाली रस्ता. दादा सांगत होते, "तो दगड परत आलाय, लोकांना कळेल. दुसरा घे. सावली पण काढ, सावली राहिली बघ." सायकलचं दुकानही आम्ही काढलं, तिथे नुसती दुकानाशेजारची भिंत लांबवली. मधेच ते उठले आणि पुठ्ठ्याची चौकट हात ताणून धरून खोलीभर चालले. चौकटीच्या चारी कडा त्यांना दिसाव्यात म्हणून हात ताणायला लागत होता, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या पुढे पुढे चालत स्टूल, वायरी, पाण्याचा जार बाजूला करत गेले.

ती फिल्म मी लोकांबरोबर पहिल्यांदा शिबिरात बघितली. साधा रस्ता, स्वच्छ ऊन, रिकामी शांत भिंत. बघणारे कंटाळून आपसात बोलायला लागले होते. आणि एकाएकी, जिथे काहीच नव्हतं तिथून, निळ्या फ्रॉकमधली मुलगी सायकलसकट समोर आली. बायका किंचाळल्या. पुढे बसलेल्या एका माणसाने पाय मागे ओढले. काचबिंदू झालेल्याला असंच दिसतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि मागची रांग भरभर उठून तपासणीच्या टेबलाकडे गेली. दादा माझ्या उजवीकडे बसले होते. त्यांना मी विचारलं, "कसं झालं?"

"टेकवलास का नाही शेवटी?" ते म्हणाले. "कॅमेरा म्हणतोय मी."

"टेकवला दादा."

"मग झालं."

कॅमेरा माझ्याकडे आला. साहेबांनी त्यांना फायली कॉपी करायला बसवलं नाही; माझ्या शेजारी बसवलं आणि पगार तोच ठेवला. जमेल तितके दिवस ते आले. मग साहेब रोज त्यांना गाडीतून आणायला लागले, आणि मग दादाच नको म्हणाले, आणि वहिनींना घेऊन शिरोळकडच्या आपल्या गावी राहायला गेले.

मी अधूनमधून जायचे. सुरुवातीला त्यांच्या उजवीकडे बसायचे. मग समोर बसायला लागले. नंतर समोर, आणि अगदी जवळ. दर वेळी ते मला नवीन कामांबद्दल विचारायचे आणि मी सांगितलेला शॉट डोळे मिटून बघायचे.

गेल्या दिवाळीनंतर गेले तेव्हा दार उघडंच होतं. वहिनी मागच्या अंगणात होत्या. दादा पुढच्या सोप्यातल्या खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसले होते. मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हसले. ते माझ्याकडेच बघत होते. चेहरा शांत होता. मी वाट बघितली. "आलीस होय!" असं ते नेहमी म्हणायचे, मान जराशी कलती करून.

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मागे दाराशेजारची निळसर भिंत होती, तिच्यावर काही टांगलेलं नव्हतं. मग त्यांनी आत आवाज दिला, "अगं, रेवती आली नाही का अजून? दुपारपर्यंत येते म्हणाली होती."

मी पावलं न वाजवता मागे सरकले, उंबरा ओलांडला, चपला पायात घातल्या. अंगणात चार पावलं जाऊन पुन्हा फिरले, चपला फरफटवत आले आणि दाराची कडी जोरात वाजवली.

"दादा, मी आले!"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. कडीच्या आवाजाकडे त्यांनी मान कलती केली.

"आलीस होय! ये, ये," ते म्हणाले. "हळू ये पण. मधे स्टूल आहे, धडकशील."